झोपलीस का गं?

चि. मनू,

काल सकाळी सहाला फोन केला ते चुकलंच माझं. तू रात्री सव्वादोनला उठून लॅपटॉपसमोर बसलीयस हे मला काय माहीत, आणि खरं सांगायचं तर माहीत होतं, व्हॉट्सॲपवर तुझं लास्ट सीन तीन पन्नासचं दिसत होतं म्हणूनच केला. "बाबा, तुम्हाला नाही कळायचं यातलं" म्हणून ठेवलास. राग नाहीये. आईला सांगितलं, झोपमोड झाली म्हणून चिडली असेल.

नोकरीला तीनच आठवडे झालेत आणि त्यात ऑन-कॉलची, म्हणजे काही बिघडलं तर रात्री उठायच्या पाळीची, ही दुसरी रात्र. झोपेचं बोलणार नव्हतो, सोड.

वैशूकाकूनं विचारलं मनू नक्की काय करते, डीबीए, डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे काय. मी म्हटलं, अख्खी कंपनी ज्या वहीत लिहिते ती वही सांभाळते. बरोबर ना? सगळ्यांना तेच सांगतोय मी.

आमच्या बँकेच्या शाखेत कॉम्प्युटर आले तेव्हा डे एंड झालं, दिवसाचा हिशेब बंद झाला की टेपवर बॅकअप घ्यायचो आणि ती टेप मी डब्याच्या पिशवीतनं घरी आणायचो, शाखेला काही झालं तर एक प्रत बाहेर असावी म्हणून. तू ती गाण्याची कॅसेट समजून टेपरेकॉर्डरमध्ये घालायला निघाली होतीस. मग २००५ चा पूर आला, कृष्णेचं पाणी शाखेत शिरलं, लेजरांचा लगदा झाला, आणि मी मोठ्या विश्वासानं शेवटच्या दिवसाची टेप घेऊन गेलो तर ती वाचताच येईना. आदल्या दिवशीची वाचता आली. रोज टेप भरत होतो, पण ती परत वाचून कधी कुणी बघितलीच नव्हती. त्यामुळं तुमचे सर दर महिन्याला बॅकअप कोऱ्या सर्व्हरवर रिस्टोअर करून बघायला लावतात म्हणालीस ना, तेव्हा मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला. त्यांच्या हाताखाली शिकून घे.

पुढचं तुला कधी सांगितलं नाही, फक्त नानांना माहीत होतं. त्या एका दिवसाची व्हाउचरं पंख्याखाली वाळवून आम्ही परत एन्ट्री मारत होतो, तिसरी रात्र, डोळे मिटत होते, आणि मी एक अख्खा गठ्ठा दोनदा मारला. दुसऱ्या दिवशी ताळा जुळेना. शोधायला दोन दिवस गेले. साहेब एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. मला काम येत नव्हतं असं नाही गं, मी झोपलो नव्हतो.

म्हणून सांगतो, रात्री उठलीस की आधी तोंडावर पाणी मार. कुठल्या सर्व्हरवर आहेस ते मोठ्यानं वाच, टेस्ट का प्रॉडक्शन, म्हणजे सरावाचा का खऱ्या कामाचा. अपडेट मारून डेटा बदलायच्या आधी तीच अट लावून सिलेक्ट करून नुसतं बघ किती ओळी येतात, आणि बिगिन लिहूनच सुरू कर, म्हणजे आकडा भलताच आला तर रोलबॅक करून सगळं मागे तरी घेता येईल, एकदा कमिट होऊन पक्कं झालं की संपलं. हे सगळं यूट्यूबवर बघितलं मी, दोन दिवस तेच बघतोय. बघ, परत सुरू झालो. माफ कर. काम तुझं आहे, तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

परवाचं काय झालं ते आईकडनं कळलं. मुख्य सर्व्हरची प्रत ठेवणारा दुसरा सर्व्हर बंद पडला, त्याच्यासाठी राखलेले लॉग, म्हणजे बदलांच्या नोंदी, साठत गेले आणि मुख्य सर्व्हरची डिस्क भरत आली. अशा वेळी माणूस घाबरून त्या लॉगच्या फाइलीच उडवतो आणि डेटाबेस घालवून बसतो, असं त्या व्हिडिओत सांगत होते. तू तसं केलं नाहीस. डिस्क वाढवून घेतलीस, सरांना उठवून विचारलंस, मग दुसरा सर्व्हर नीट केलास. सकाळी लोकांची बिलं नेहमीसारखी निघाली आणि रात्री काही झालं होतं हे कुणाला कळलंसुद्धा नाही. मला कळलं. मी आईला तीनदा सांगायला लावलं.

पण दुसऱ्या दिवशी दहाला परत ऑफिस कशाला? रात्रीच्या बदल्यात सकाळी उशिरा आलं तर चालतं का ते विचार एकदा. नवीन आहे म्हणून गप्प बसू नकोस. कालचा तुझा आवाज माझ्या कानातनं जात नाहीये.

शेंगदाण्याची चटणी आणि भडंग शनिवारी ट्रॅव्हल्सनं पाठवतोय. रात्रीची गाडी पहाटे वाकडला पोचते म्हणून आईनं सकाळची बघितलीय, दुपारी जाऊन घे. फोन मी करणार नाही. उठलीस की तूच कर.

तुझा,
बाबा