खाणवाल्यांची बारी

बेथेस्डा, उत्तर वेल्स

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मी पाठवलेली गाण्याची क्लिप ऐकून तुम्ही विचारलंत, "हे चर्चवाले का गं?" चर्चवाले नव्हेत, खाणवाले. 'कोर अ पेन्रिन', म्हणजे इथल्या पेन्रिन खाणीतून उभा राहिलेला पुरुषांचा गायकवृंद. आमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डातला एक पोर्टर त्यात बास, म्हणजे खर्जातला आवाज, गातो, त्याच्यामुळे मी सरावाला जाऊन बसते.

खाण पाटीच्या दगडाची. शाळेत आपण ज्यावर लिहायचो तोच दगड, इथे घरांवर कौलांसारखा बसवतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही जगातली सर्वांत मोठी पाटीखाण होती. जेवणाच्या सुट्टीत माणसं 'कॅबान'मध्ये जमायची. कॅबान म्हणजे खाणीतली दगडी खोपी, आत शेकोटी आणि चहाची किटली. पण तिथे नुसतं जेवण नव्हतं, वादविवाद, कविता, गाण्याच्या चढाओढी सगळं चालायचं. आपली डबलबारीच म्हणा, फक्त पखवाज नाही आणि समोरच्या बुवाला टोमणेही नाहीत (निदान मला तरी कळले नाहीत!). १८९३ साली इथला संच थेट शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात गाऊन आला.

तुम्हाला आवडेल ते सांगते. पियानो घरात नसलेले हे कामगार चार-चार आवाजांची गाणी कागदावरून वाचायचे. चॅपलमध्ये त्यांना 'टॉनिक सोल-फा' शिकवत. पोर्टरने मला आजोबांचा कागद दाखवला: पाच रेघांचं नोटेशन नाही, नुसती अक्षरं, मधे टिंबं आणि उभ्या रेघा. त्यांचा 'डो' आपल्या 'सा'सारखा, कुठल्याही पट्टीत धरा. मी सारेगम म्हणून दाखवलं तर दोघं-तिघं लगेच बरोबर म्हणायला लागले.

आता संपाचं. नोव्हेंबर १९०० मध्ये २,८०० च्या आसपास माणसं काम सोडून बाहेर पडली. खाणीचा मालक लॉर्ड पेन्रिन युनियनला मानायलाच तयार नव्हता, खाणीच्या आवारात वर्गणी गोळा करायलाही त्याने बंदी घातली होती. तीन वर्षं चालला संप. त्या काळात इथले गायकवृंद, त्यात बायकांचाही एक, इंग्लंडभर गात हिंडले आणि संपवाल्यांच्या घरांसाठी पैसे जमवले. १९०१ च्या जूनमध्ये चारेकशे जण कामावर परतले, तर मालकाने प्रत्येकाला सोन्याचं नाणं दिलं. मग बाकीच्यांनी खिडक्यांत पाट्या लावल्या: 'या घरात गद्दार नाही.' त्यावरून घराघरांत पडलेलं वैर पिढ्यान्‌पिढ्या टिकलं.

इथले लोक हे सगळं फार गोड करून सांगतात, गाण्याने गाव तगलं वगैरे. मला ते पटत नाही. गावाने पोट बांधून दिवस काढले, कित्येक जण दक्षिणेच्या कोळसाखाणींकडे निघून गेले, आणि १९०३ मध्ये संप हरलाच. गाण्याने काही दिवस चूल पेटती राहिली, तेवढं खरं. आपल्या गिरणी संपात, त्र्याऐंशी साली, आईने सोन्याच्या बांगड्या मोडल्या तेव्हा तुमच्या मंडळाच्या भजनाने काय भागलं असतं?

आज संचात खाणकामगार नावालाच असतील. शिक्षक, शेतकरी, कारकून, कोणीही येतो. खाण थोडीफार चालू आहे आणि तिच्यावरून पर्यटक तारेला लटकून सुसाट जातात. पण शिकागोला कोण गेलं, संपात कोण कुठे गायलं, हे यांना माहीत आहे, कारण कोणीतरी लिहून ठेवलं.

म्हणून एक काम सांगते. गिरणीतल्या भजन मंडळाची बुवांची वही कोणाकडे आहे? कणकवलीच्या मामांना फोन करून विचारा. कामगार कल्याणच्या स्पर्धेत तुम्ही कोणत्या साली उतरलात, पखवाजावर कोण होतं, संप सुरू झाल्यावर पेटी कुठे गेली, आठवेल तसं बोला. दादाला म्हणावं, मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेव. क्रम लागला नाही तरी चालेल.

आईच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला का? पैसे सोमवारी खात्यात जमा होतील. आईला साष्टांग नमस्कार.

तुमची,
सुमी