समुपदेशक ताईंचे मनःपूर्वक आभार

1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याप्रमाणे घटस्फोटाच्या दाव्यात आधी समेटाचा प्रयत्न होतो, त्यामुळे माझी मुलगी आणि जावई न्यायालयातील समुपदेशक ताईंसमोर बसले. आजारपण, कर्ज आणि सततच्या बदल्या यांमुळे दोघांतला संवादच खुंटला होता. ताईंनी प्रत्येकाचे म्हणणे आधी स्वतंत्रपणे, मग एकत्र ऐकले आणि कोणाचीही बाजू घेतली नाही. मुलगी बोलता बोलता रडू लागली तेव्हा त्यांनी लिहिणे थांबवले, तिला पाणी दिले, नातीला कागद व रंगीत खडू देऊन शेजारी बसवले आणि कसलीही घाई केली नाही. संसार पुन्हा जुळला नाही. पण परस्परसंमतीने वेगळे होताना नातीचे शनिवार-रविवार, सुट्ट्या आणि सणवार दोघांनी कटुतेशिवाय ठरवले, हे केवळ त्यांच्यामुळे घडले. ताई, आमचे सारे कुटुंब आपले ऋणी आहे.