पेन्सिलीतलं ‘पटलं नाही’

ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं आणि दुकानाचं नाव कुठेही लिहायचं नाही असं बजावलंत, म्हणून नुसतं ‘ताई’. नौपाड्यात झेरॉक्स, स्पायरल, पॅन कार्ड, डीटीपी अशी पाटी लावलेली दुकानं काही कमी नाहीत. ज्याला शोधायचंय त्याने शोधत बसावं. समोर येऊन आभार मानले, तर ‘अहो काका, काय त्यात’ म्हणत तुम्ही पुढच्या मुलाचं आधार कार्ड काचेवर ठेवलंत आणि झाकण लावलंत. ते ‘काय त्यात’ मला काही केल्या मान्य होत नाही. म्हणून हे उघड पत्र.

वाचणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. वागळे इस्टेटमध्ये नोकरी करत असताना रात्री वहीत काहीबाही लिहायची सवय लागली. रोजनिशी नव्हे, भाजी किती आणली, कोण आलं, कोण गेलं, यातलं त्यात काही नाही. सामना ऐकला की त्यावर, पुस्तक वाचलं की त्यावर, निवडणूक झाली, नाटक पाहिलं, की आपलं मत लिहून मोकळं व्हायचं. १९७१ मध्ये वेस्ट इंडिजहून आपला क्रिकेट संघ परतला तेव्हा जो तो गावसकरच्या ७७४ धावांबद्दल बोलत होता. मी पानंच्या पानं लिहिली ती दिलीप सरदेसाईवर. किंग्स्टनला ५ बाद ७५ अशी दैना झालेली असताना त्याने २१२ काढल्या, आणि त्या कसोटीत गावसकर संघातच नव्हता. १९७४ ला लॉर्ड्सवर आपण ४२ धावांत गारद झालो. त्या ४२ मधल्या नाबाद १८ एकनाथ सोलकरच्या, याचा राग की अभिमान हे मला ठरवता आलेलं नाही, असं तेव्हाच्या वहीत आहे. आजही ठरवता येत नाही. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा हा मुलगा हेल्मेट न घालता फलंदाजाच्या पुढ्यात उभा राहून झेल घ्यायचा. त्याच्यावर माझ्या वह्यांत जितकं आहे तितकं माझ्या लग्नावर नाही. हिने ते वाचलेलं आहे.

मग १९७७ ची निवडणूक, ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेलेले रामभाऊ म्हाळगी. १९७८ मध्ये गडकरी रंगायतन झालं आणि नाटकासाठी दादर गाठायची पायपीट संपली. पुस्तकं मराठी ग्रंथसंग्रहालयाची. १८९३ पासून ठाण्यात उभी असलेली ही संस्था नसती, तर माझ्या पगारात माझं वाचन पाठ्यपुस्तकांवरच थांबलं असतं.

हे सगळं छापावं असं निवृत्तीनंतर डोक्यात आलं. विकायला नाही, नातवंडांना, चार मित्रांना द्यायला. इथून पुढे जे भेटले त्यांच्याबद्दल फार लिहीत नाही, पण अगदीच सोडलं तर तुमचं मोल कळायचं नाही.

एका प्रकाशकांनी वह्यांची पिशवी हातात घेऊन वजन केल्यासारखी वर-खाली केली आणि पानांचा खर्च सांगितला. पिशवी उघडली नाही. एका साहित्यसंस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी मात्र चहा पाजला, ‘हा तर सांस्कृतिक दस्तऐवज आहे’ म्हणाले, वह्या ठेवून घेतल्या. कित्येक महिन्यांनी परत देताना ‘वाचल्या, फारच छान, ओघवतं लिहिता’ असंही म्हणाले. घरी आल्यावर हिने गाठोडं पाहिलं. सुतळीला तिनेच मारलेली गाठ जशीच्या तशी होती. हिची गाठ मला ओळखू येते, कारण ती सुटत नाही, कापावी लागते.

भाच्याने फोनमध्ये बोलून टाइप करायची युक्ती शिकवली. मी सोलकर म्हणालो की तिथे सोलर उमटायचं. दुसऱ्या एका दुकानात पानं भराभर टाइप करून मिळाली, पण माझं अक्षर जिथे लागलं नाही तिथली वाक्यं चक्क गाळलेली. विचारलं तर ‘कोण वाचतंय काका’ असं उत्तर.

आणि नातेवाईक? ‘वा!’ ‘या वयात!’ ‘वेळ चांगला जातो ना?’ कौतुकच सगळं. कुणी त्यातली एक ओळ धरून बोलेल तर शपथ.

तुमच्याकडे मी आलो तो असा, आशा सोडून. तुम्ही वही उघडलीत, अक्षर पाहिलंत, पानाचा दर सांगितलात आणि ‘वेळ लागेल’ म्हणालात. मधेच कधीतरी फोन करून विचारलंत, ‘काका, हे “वाडेकर” आहे का “बाडेकर”? मला क्रिकेट कळत नाही.’ तेव्हाच मी हिला म्हटलं, ही बाई वेगळी आहे.

पण खरी गोष्ट पुढेच. पहिलं प्रूफ हातात आलं आणि मी लाल पेन घेऊन बसलो. ऱ्हस्व-दीर्घ बघत, काना-मात्रा बघत कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या टिपणापर्यंत आलो. हे टिपण माझ्या फार जवळचं. डिसेंबर १९७५, देशात आणीबाणी, अध्यक्ष दुर्गाबाई भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे त्या सरकारातले केंद्रीय मंत्री. आणि त्या व्यासपीठावरून दुर्गाबाईंनी सरकारविरोधी आंदोलनाचे नेते जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितली. पुढे दुर्गाबाईंना तुरुंगात जावं लागलं. यावर मी निष्कर्ष काढला होता की साहित्याच्या मांडवात मंत्र्यांना पाय ठेवू देऊ नये. तिथे फक्त लिहिणारे आणि वाचणारे असावेत. अनेक मित्रांना मी हे ऐकवलं आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्या परिच्छेदाच्या बाजूला, समासात, पेन्सिलीने, बारीक अक्षरात तुम्ही लिहिलं होतं:

‘पटलं नाही. मंत्री समोर होते म्हणून तर त्या बोलण्याला धार आली ना? नुसत्या वाचकांपुढे बोलल्या असत्या तर?’

ताई, मी ते प्रूफ घेऊन बराच वेळ नुसता बसून राहिलो. हिने विचारलं, खूप चुका आहेत का?

तुम्हाला सांगून खरं वाटणार नाही, पण इतक्या वर्षांत माझ्या लिखाणावर कुणी ‘पटलं नाही’ असं म्हणण्याची ही पहिलीच वेळ. पटलं नाही म्हणायला आधी वाचावं लागतं. सगळं वाचावं लागतं. स्वागताध्यक्ष कोण होते ते मी चार वाक्यं आधी सांगितलंय, ते लक्षात ठेवावं लागतं, आणि मग माझाच पुरावा माझ्यावर उलटवावा लागतो. हे तुम्ही पानाच्या दरात केलंत. त्यातही पेन्सिलीने, म्हणजे मला नको असेल तर खोडता यावं. या पेन्सिलीचं मला जास्त वाटतं. मत ठाम आणि हात हलका, असं जुळलेलं मी मोठमोठ्या संपादकांच्या लेखांत क्वचितच पाहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी दुकानात आपलं जे झालं त्याला वाद म्हणायचं की काय, माहीत नाही. स्पायरल बायंडिंगसाठी थांबलेला कॉलेजचा मुलगा घड्याळ बघायचं विसरला एवढं खरं. मी म्हटलं, दुर्गाबाई एकच होत्या. एरवी मंत्री आले की त्यांचं भाषण लांबतं, कवीला जेवणाच्या वेळी बोलावतात. ठाण्यात तीन संमेलनं झाली, १९६० ला रा. श्री. जोग, १९८८ ला वसंत कानेटकर, २०१० ला उत्तम कांबळे अध्यक्ष. शेवटची दोन मी पाहिली, म्हणून गर्दी कशाला जमते आणि कशाला पांगते, हे मला ठाऊक आहे. तुम्ही एका हाताने पानं मोजत म्हणालात, ‘मग दोष बोलावण्याचा नाही काका, समोर असून न बोलणाऱ्यांचा आहे.’ आणि त्या मुलाला विचारलंत, कव्हर निळं का काळं?

मी तो परिच्छेद बदललेला नाही. माझं मत आहे तिथेच आहे, पण आता ते आधीइतकं आरामात बसत नाही. तुमचं वाक्य मात्र खाली तळटीप म्हणून छापायचं ठरवलंय, ‘एका वाचकाचा आक्षेप’ अशा नावाने. पुस्तकात इतरत्र मी माझ्या मोठमोठ्या मित्रांची नावं घेतली आहेत. आक्षेपाचा मान एवढा एकच.

चांगुलपणाची माणसं आसपास असतात, आपल्याला ती दिसत नाहीत. रंगायतनच्या तिकीट खिडकीवर एकदा एकाने माझ्या कानातलं यंत्र बघून, ‘काका, उरलंय ते बाल्कनीतलं शेवटचं आहे, ऐकू येणार नाही, उद्या या’ असं सांगून तिकीट विकायचं टाळलं होतं. ग्रंथालयात एका बाईंनी मी मागे मागितलेलं पुस्तक आल्याबरोबर टेबलाखाली माझ्यासाठी काढून ठेवलं होतं. या लोकांना ‘समाजसेवक’ म्हटलं तर ते हसतील. समोरचं काम समोरच्या माणसासाठी करायचं, इतकंच त्यांना येतं. दस्तऐवज, वारसा, संस्कृती असे शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकलेले नाहीत. ते शब्द मी गाठ न सोडणाऱ्यांकडूनच ऐकले.

असो, भाषण होतंय. हिने आत्ताच खूण केली.

कामाचं बोलतो. ऐंशी सालानंतरच्या वह्या माळ्यावरून उतरवल्या आहेत. त्यात गिरणी संप आहे, १९८३ चा विश्वचषक आहे, आणि मराठी रंगभूमी संपली असं जाहीर करणारं एक लांबलचक टिपण आहे, ते तुम्हाला अजिबात पटणार नाही. शनिवारी घेऊन येतो. प्रूफाला समास जरा मोठा ठेवा. आणि मागच्या वेळी टाइप करण्याचेच पैसे लावलेत. वाचण्याचे लावले नाहीत. या खेपेला पानाचा दर वाढवला नाहीत, तर मी वह्या त्या वाक्यं गाळणाऱ्या दुकानात नेईन. ही धमकी समजावी.

आपला,
थरथरत्या अक्षराचा काका
नौपाडा, ठाणे