बाबा, ती किंचाळत नव्हती

आई, बाबा,

परवा फोनवर मागे गाणं चालू होतं आणि बाबा म्हणाले ‘कोण किंचाळतंय’, ती लोर्ना. तेव्हा भांडायला वेळ नव्हता म्हणून आता लिहितेय. बाबांनी चष्मा लावून पूर्ण वाचायचं, अर्ध्यात आईच्या हातात द्यायचं नाही.

लोर्ना कोर्देरो म्हणजे मुंबईतली गोंयकार, कोकणीत जॅझ, म्हणजे ते अमेरिकेतून आलेलं बँडचं संगीत, गाणारी. आई, तुला लगेच कळलं होतं ना, तू म्हणालीस ‘ही आपल्यासारखंच बोलते की गो’. तिचं ‘बेबदो’ म्हणजे आपला बेवडाच, आणि ‘पिसो’ म्हणजे पिसं लागलेला. सावंतवाडीत बसून डिक्शनरी लागत नाही याला.

आता बाबा ह्या जॅझला ‘विलायती गोंगाट’ म्हणतात त्याचं. विलायती आहेच हो, पण कुठून आलं बघा. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात चर्चच्या शाळांमध्ये पोरांना व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकवायचे, त्यामुळे पोरं नोटेशन बघून वाजवणारी तयार झाली आणि मुंबईला येऊन हॉटेलांच्या बँडमध्ये लागली. १९३५ ला लिऑन ॲबी नावाचा अमेरिकन वादक आपला जॅझ बँड घेऊन ताज हॉटेलात आला, मग बाकीचेही आले, आणि जे कागदावर लिहिता येत नाही ते ह्या पोरांनी त्यांचं ऐकून उचललं. त्यातलाच एक चिक चॉकलेट, खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ. ह्याला तर तुम्ही बघितलंय बाबा! १९५१ चा अलबेला आठवा, झालरीचे शर्ट घातलेला बँड, तो चिक चॉकलेटचा. अलबेलाचे संगीतकार सी. रामचंद्र म्हटलं की तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवता, मग तेव्हा गोंगाट कुठे जातो?

लोर्नाला ख्रिस पेरीने घडवलं. मडगावच्या बोर्ड्याचा, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवायचा, गाणी पण त्याचीच. चर्चगेटला अस्टोरिया हॉटेलात व्हेनिस नावाचा क्लब होता, तिथे ती त्याच्या बँडबरोबर गायची. मी रोज ऑफिसला जाताना त्याच हॉटेलवरून जाते आणि इतकी वर्षं मला पत्ताच नव्हता.

आणि किंचाळणं म्हणाल तर हेडफोन लावून एकदा नीट ऐका, ती शब्द ठोक्यावर ठेवतच नाही, जरा मागे रेंगाळते, आता चुकली असं वाटतं आणि मग असा फेकते की बँड तिच्यामागे धावतो. आई, तुझ्या भजनात बुवा गजर वाढवताना टाळकऱ्यांना खेळवतात ना, मला तेच आठवलं. घसा मात्र वेगळा, खरखरीत, भांडायला उभी राहिल्यासारखा. गोड आवाजाची सवय असलेल्यांना पहिल्यांदा टोचतो, मलाही टोचला होता, खोटं कशाला बोलू.

मग मधे वीसहून जास्त वर्षं ती गायलीच नाही. १९९५ ला ‘हॅलो लोर्ना’ नावाची कॅसेट घेऊन परत आली. इतकी वर्षं गप्प राहिलेला घसा एकदम कसा उघडतो, आई? तू तर दोन महिने पेटी उघडली नाहीस तरी कुरकुरतेस.

गणपतीला येताना छोटा स्पीकर आणतेय. बाबा, फक्त पहिलं गाणं संपेपर्यंत बातम्या बंद ठेवायच्या.

तुमची,
बाय

ता. क. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर सांग गो, इथून घेऊन येते.