'तट' या शब्दासाठी कृतज्ञतापूर्वक

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

कॅलिफोर्नियातल्या कूपर्टिनोच्या डी अँझा या कम्युनिटी कॉलेजातून राज्यशास्त्राची असोसिएट, म्हणजे दोन वर्षांची, पदवी गेल्या आठवड्यात माझ्या हाती आली. आपण सोलापूरला परतल्यामुळे पेढे घेऊन प्रत्यक्ष येता येत नाही. आणि मुलांकडे काही काळासाठी येणारी आपल्यासारखी ज्येष्ठ मंडळी इथे शेजारपाजाऱ्यांना केवढा आधार देतात, हे इतरांनाही कळावे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

चाळिशीत, तेही परक्या देशात, पुन्हा कॉलेजात जाण्याचा विचार मी केव्हाच सोडून दिला होता. कम्युनिटी कॉलेजात अठरा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही प्रवेश मिळतो, डी अँझात कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना एका युनिटला, म्हणजे श्रेयांकाला, 31 डॉलर फी पडते आणि तिथली दोन वर्षांची पदवी पुढे स्टेट युनिव्हर्सिटीत धरली जाते, ही सगळी माहिती आपण स्वतः चौकशी करून एका कागदावर उतरवून आणलीत. तो कागद अजून माझ्या कपाटात आहे.

पहिल्याच क्वार्टरमध्ये, म्हणजे तिमाही सत्रात, अमेरिकेच्या राज्यघटनेचे एक शिल्पकार जेम्स मॅडिसन यांचा त्या घटनेच्या बाजूने लिहिलेला 1787 सालचा फेडरलिस्ट क्रमांक 10 हा निबंध वाचायला होता, आणि त्यातल्या लांबलचक वाक्यांनी मी रडकुंडीला आले होते. वाचनालयात आपण माझ्याशेजारी बसलात आणि प्रत्येक वाक्याचे क्रियापद शोधून त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढायला लावलीत. 'फॅक्शन' या शब्दासाठी मी समासात 'पक्ष' असे लिहिले होते. आपण ते खोडले नाही, फक्त विचारलेत, "तुमच्या गावात निवडणुकीनंतर काय पडतात?" "तट," मी म्हणाले, आणि निबंध उलगडत गेला.

बहुसंख्यांचाही तट असू शकतो, स्वातंत्र्य हिरावून घेऊन तट मोडणे हा रोगापेक्षा वाईट उपाय आहे, म्हणून तटांच्या परिणामांनाच आवर घालावा लागतो, असे मॅडिसन सांगतात. आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या निकालानंतर हरलेल्या बाजूच्या आळीत पाण्याचा टँकर कितीतरी दिवस फिरकला नव्हता. हंडे घेऊन दुसऱ्या आळीत जाणारी माझी आजी मला त्या पानावर दिसली. लहान समाजात बहुमताचा तट चटकन जुळतो, मोठ्या प्रजासत्ताकात हितसंबंधच इतके असतात की तो जुळणे अवघड जाते, हा मुद्दा मला पुन्हा समजावून सांगावा लागला नाही. पुढच्या गुरुवारी आपण डॉ. आंबेडकरांचे संविधान सभेतले 4 नोव्हेंबर 1948 चे भाषण आणलेत. राज्यघटनेच्या मसुद्याने खेड्याऐवजी व्यक्तीला एकक मानले, याचे त्यांनी त्यात स्वागत केले आहे. ते दोन्ही मजकूर शेजारी शेजारी ठेवून वाचायला शिकवणे, हे माझ्या दृष्टीने आपले सर्वांत मोठे देणे आहे.

मोठ्या देशातही तट जुळतात आणि मॅडिसन यांनी याबाबत फार आशा धरली, असे माझे मत आहे. आपल्याला ते पटले नव्हते, तरीही "लिहून काढा" असा आग्रह आपणच धरलात, आणि सत्राचा प्रबंध त्यातूनच उभा राहिला.

येत्या ऑगस्टपासून मी सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला बसणार आहे. प्रबंधाची प्रत टपालाने वेगळी पाठवली आहे. तिच्यात समास रुंद ठेवला आहे. खुणा पेन्सिलीनेच कराव्यात, ही विनंती.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी