डोळ्यातलं तांब्याचं कडं

सांगली, रविवार

प्रिय सुमे,

आठ महिने झाले. तुझे फोन मी उचलले नाहीत, दिवाळीच्या मेसेजला नुसतं फूल पाठवलं. रागावली असशील, तुझा राग रास्त आहे. मी बरी आहे, बीपीची गोळी चालू आहे, ह्यांची पाठ अधूनमधून धरते. ते सोड.

दादूबद्दल लिहायचंय. आणि त्याच्याबद्दल लिहायचं तर तुझ्या बाळूदादाबद्दलही लिहावं लागणार, म्हणून आधी दार लावून घे.

गेल्या वर्षी त्याचं अक्षर बिघडायला लागलं. तुझ्या वास्तुशांतीच्या पत्रिकांवरचे पत्ते त्यानेच लिहिले होते, आठवतं? ते अक्षर बारीक, वाकडं होत गेलं. मी ओरडले. मोबाइल काढून घेतला. दुरेघी वही आणून रोज दोन पानं गिरवायला लावली, सुमे, सोळा वर्षांच्या पोराला! मग जीभ जड झाली, लाळ गळायला लागली, वाटी उचलली की आमटी सांडायची. एका डॉक्टरांनी अभ्यासाचा ताण म्हणून गोळ्या दिल्या, त्यात पाच महिने गेले. पाचवीत त्याला झालेली कावीळ कुणी विचारली नाही, मलाही सांगायची सुचली नाही.

शेवटी मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला हात पसरायला सांगितले. हात पंखासारखे फडफडले. त्या म्हणाल्या, आधी डोळे दाखवून या. मला कळेना, थरथरतोय हात आणि डोळे कशाला?

स्लिट लॅम्पसमोर हनुवटी टेकवून बसवलं. फटीतून येतो तसा उजेड तिरका टाकतात. पडद्यावर दादूचा डोळा ताटाएवढा. आपली बुबुळं काळी, नुसत्या नजरेला काही कळत नाही, पण त्या उजेडात काळ्याच्या अगदी काठाला सोनेरी-तपकिरी कडं होतं. वर आणि खाली जाड, बाजूंना विरळ. मग ओसीटी, म्हणजे डोळ्याच्या थरांचा फोटो, काढला, त्यात कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, आतल्या पापुद्र्यात एक चकाकती रेघ. ते तांबं. कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरने हे कडं १९०२ साली नोंदवलं, पुढच्या वर्षी फ्लायशरने, म्हणून दोघांच्या नावाने ओळखतात. नजरेला त्याचा काही त्रास नाही. दिसायला इतकं देखणं होतं की क्षणभर मी बघतच राहिले. ते क्षणभर बघणं मला अजून टोचतं.

विल्सनचा आजार. जेवणातलं जास्तीचं तांबं यकृताने पित्तावाटे बाहेर टाकायचं असतं, त्यासाठीचं एक जनुक असतं, एटीपी७बी. आईकडून आणि बापाकडून आलेल्या त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या की तांबं साठत जातं, आधी यकृतात, मग मेंदूत, डोळ्यात. साधारण ३०,००० माणसांत एकाला.

मी पहिला प्रश्न काय विचारला असेल? रोज सकाळी मीच त्याला तांब्याच्या भांड्यातलं पाणी देत होते ना. बाई म्हणाल्या, पाण्याने हा आजार होत नाही, पण आता ते बंद करा. हॉस्टेलवर तू लपवलास आणि आपण तीन दिवस बोललो नाही, तोच तांब्या. फडक्यात बांधून माळ्यावर टाकलाय. ते भांडण तू जिंकलीस.

दुसरंही जिंकलीस. आत्याच्या घरी देऊ नका म्हणून तू माझ्या आईशी भांडली होतीस, आणि मी उलट म्हटलं होतं, तुझ्या आईवडिलांचं तरी कुठे वेगळं आहे? नात्यातल्या दोघांकडे तीच बिघडलेली प्रत असण्याचा संभव जास्त.

आता चिमी. सख्ख्या भावंडाला चारात एक. तिचेही डोळे त्याच यंत्रावर बघितले, कडं नाही. मी तिथेच रडले. तर बाई म्हणाल्या, लक्षणं सुरू होण्याआधी लहान मुलांत कडं नसतंही, डोळा स्वच्छ म्हणजे सुटलो असं नाही. मग रक्त, मग २४ तासांची लघवी कॅनमध्ये. चिमी म्हणते, "आई, यावर नाव घाल, नाहीतर बाबा ताक समजून पितील." जनुकाचा रिपोर्ट यायचाय. असला तरी आता कळलं तर गोळ्यांवर ती चांगली राहील, हे मला पाठ आहे. तरी ती लिहायला बसली की मी मागे जाऊन उभी राहते. तिचा "ळ" बघते. काल दिवे गेले तेव्हा टॉर्च तिच्या डोळ्यात मारला, तिने हात झटकला. टॉर्चने दिसत नाही हे मला माहीत आहे.

सुमे, बाळूदादा. त्याचे हात, ती लाळ, आधीची कावीळ. १९८७ साली सगळे म्हणाले बाहेरचं आहे. आपण दोघी त्याच्या बोलण्याची नक्कल करायचो. त्याला हेच होतं असं आज कुणी सांगू शकणार नाही, पण त्याच्या डोळ्यात कुणी उजेड टाकून बघितलं नाही हे खरं. आणि पेनिसिलामाइन, हे तांबं बाहेर काढणारं औषध, १९५६ पासून आहे गं. हे वाचलं त्या रात्री मी झोपले नाही. हे सांगायला दुसरं कोण आहे मला?

तू आणि आक्का दोघी बहिणी जा. पन्नाशी उलटली म्हणून टाळू नका. स्लिट लॅम्प, रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन), यकृताच्या तपासण्या, एवढं नीट लिहून घे.

दादूला गोळ्या उपाशीपोटी असतात. सुरुवातीला थरथर वाढली, मी घाबरून गेले. आता कप धरतो. औषधाने कडं हळूहळू विरतं, आधी बाजूचं, वरचं सगळ्यात शेवटी, म्हणून पुन्हा फोटो काढायचेत.

तुझा नवा फ्लॅट कसा आहे, गुडघा कसा आहे, लेकाचं कुठे जमतंय का? फोन कर, उचलते.

तुझी,
मंदी

ता.क. लाडू पाठवणार असशील तर रव्याचे पाठव, काजू घालू नकोस. चॉकलेट आणि मशरूमही बंद आहेत.