पार्किंगचा मजला उद्या घर होऊ शकेल असा बांधू द्या

मा. नगरविकासमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात इमारतींचे स्ट्रक्चरल डिझाइन करतो. गेल्या आठवड्यात बाणेरच्या एका साइटवर पोडियमच्या, म्हणजे घरांखालच्या पार्किंगच्या मजल्यांपैकी, दुसऱ्या मजल्यावर उभा होतो. हात वर केला की बीमला टेकत होता. एका गाडीला अडीच बाय पाच मीटर जागा लागते. वळायचा रस्ता आणि रॅम्पचा वाटा धरला की पंचवीस-तीस चौरस मीटर जातात. पंतप्रधान आवास योजनेत दुर्बल घटकातल्या कुटुंबासाठीचे घर किमान ३० चौरस मीटर चटईचे. म्हणजे जवळजवळ एका गाडीला एक घर. हा हिशेब डोक्यातून जात नाही, म्हणून हे पत्र.

चालकाविना धावणारी टॅक्सी सॅन फ्रान्सिस्कोत जून २०२४ पासून कोणालाही बोलावता येते. चालकांचा रोजगार जाईल म्हणून अशा गाड्या भारतात येऊ देणार नाही, असे मा. नितीन गडकरी यांनी २०२३ मध्ये सांगितले होते. ती काळजी खरी आहे, लाखो घरांच्या चुलीचा प्रश्न आहे. पण आज ओतलेला स्लॅब २०७५ सालीही उभा असेल. तोवर गाडी माणसाला दारात सोडून दुसऱ्या भाड्याला जाऊ लागली, तर हे मजले ओस पडतील. आणि इतक्या ठेंगण्या छताखाली, उतरत्या जमिनीवर ना घर होईल, ना अभ्यासिका, ना दवाखाना.

नंतर तोडफोड करून हे सुधारत नाही. बीमची खोली आणि कॉलमची उंची पहिल्याच ड्रॉइंगमध्ये ठरते. म्हणून नव्या इमारतींत पार्किंगच्या मजल्यांची जमीन सपाट असावी, उंची राहत्या मजल्याइतकी असावी, रॅम्प बाजूला काढता येईल असा असावा, पाणी आणि सांडपाण्याच्या डक्टची जागा आधीच सोडावी. खर्च वाढेल, ते मी लपवत नाही. मात्र वाढलेल्या उंचीचा बिल्डरने आजच पोटमाळा करून विकू नये, यासाठी अट कडक हवी. पुढे वापर बदलायचा तर तो महापालिकेच्या परवानगीनेच.

रस्त्याच्या कडेचेही बघावे लागेल. ॲडम मिलार्ड-बॉल या अभ्यासकाने २०१९ मध्ये दाखवले, की पार्किंगला पैसे पडत असतील तर रिकामी गाडी उभी राहण्यापेक्षा हळूहळू घिरट्या घालत राहील, कारण तेच स्वस्त पडते. लक्ष्मी रस्त्यावर अशा रिकाम्या गाड्या फिरू लागल्या तर काय होईल, हे पुणेकराला सांगायला नको. तेव्हा नुसत्या पार्किंगला शुल्क लावून भागणार नाही, रिकाम्या फिरण्यालाही लावावे लागेल. शाळा, रुग्णालय आणि बाजारासमोर माणसे उतरवायला जागाही आत्ताच राखावी लागेल.

बाणेरच्या त्या साइटवर पोडियमच्या वरच्या मजल्याचा स्लॅब अजून ओतलेला नाही. नियम बदलला तर तो मजला तरी वाचेल.

आपला,
पुण्यातील एक स्ट्रक्चरल इंजिनिअर